‘कपहेड’ १९३५ साली बनलं असतं, तर आवाज कुणाचे?

तुम्ही विचारलंय: ‘कपहेड’ या व्हिडिओ गेमवर नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये कार्टून मालिका आणली, पण ज्या काळाची नक्कल हा गेम करतो त्याच काळात, म्हणजे १९३० च्या दशकात, हे कार्टून बनलं असतं तर कुठल्या पात्राला कुणाचा आवाज द्यायला हवा होता?

मी मुंबईत डबिंग करते. बारा वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त कार्टूनमध्येच गेली. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन रात्री जुन्या फिल्म ऐकत बसले. बघत नव्हते, कानाला हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होते. त्यामुळे उत्तर लांबलंय.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कपहेड आणि मगमन हे दोघे भाऊ. डोक्याच्या जागी चहाचा कप, कपात स्ट्रॉ. सैतानाच्या कॅसिनोत जुगार खेळताना कपहेड हाव धरतो, फासे उलटे पडतात आणि दोघांचे जीव गहाण पडतात. मग सैतानाच्या बुडव्या कर्जदारांकडून वसुली करत त्यांना बेटभर हिंडावं लागतं. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉअर या भावांच्या स्टुडिओने हा गेम २०१७ मध्ये काढला. पात्रांची हालचाल कागदावर हाताने रेखाटलेली, पार्श्वभूमी जलरंगात रंगवलेली. हातपाय रबरी नळीसारखे वळतात, कोपर-गुडघा असा काही प्रकारच नाही. ही चाल न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओची. बेटी बूप आणि पोपाय ही कार्टून पात्रं तिथलीच.

म्हणून माझं कास्टिंगही तिथूनच सुरू होतं. वर्ष १९३५ धरते. जागा ब्रॉडवे, १६०० क्रमांकाची इमारत, फ्लायशर स्टुडिओ. आणि एक अट मी स्वतःवर घालून घेतलीय: सगळे कलाकार एका खोलीत, एका माईकभोवती उभे राहू शकतील असेच हवेत. लॉस एंजेलिसमध्ये कितीही मोठा आवाज असला तरी तो मला चालणार नाही. ही अट का, ते आधी सांगते, कारण पुढची सगळी निवड तिच्यावरच उभी आहे.

डिस्नेकडे आवाज आधी रेकॉर्ड व्हायचे आणि त्यावर चित्रं काढली जायची. फ्लायशरकडे बहुतेकदा उलटं: चित्रं आधी, आवाज नंतर. कलाकार पडद्याकडे बघत बघत बोलायचे. तोंडाची हालचाल नसलेल्या जागा भरपूर असत आणि त्या जागांत कलाकार स्वतःच काहीबाही पुटपुटत राहायचे. पोपायची ती न संपणारी पुटपुट आठवा. ओठ बंद आहेत, पाठ आपल्याकडे आहे, आणि तरी हा बाबा काहीतरी बोलतोच आहे. त्यातलं बरंचसं कुणी लिहून दिलेलं नसे, जॅक मर्सरने तिथल्या तिथे घातलेलं असे.

हे वाचायला किरकोळ वाटेल, पण धडपडीच्या विनोदाचा जीव त्यातच आहे. आजकाल आम्ही एकेकटे डब करतो. एका मालिकेत मी एका उंदराला आवाज देत होते. मांजराने मला थोबाडीत मारली ती मंगळवारी आणि मी कळवळले शुक्रवारी, कारण मांजराचा कलाकार शुक्रवारी गावाला जाणार होता. रेकॉर्डिस्टने दोन्ही तुकडे नीट जोडले, सिंक अगदी चोख बसला. तरी ऐकताना मार लागला असं वाटेना. थप्पड बसण्याआधी श्वास आत खेचला जातो ना, तो समोरच्याचा हात उठताना बघून येतो. बूथमध्ये एकटीने तो आणता येतो, पण मग तो सगळ्यांसाठी सारखाच येतो. मांजर असो, दार असो की लाटणं असो, श्वास तोच.

त्यामुळे ऑडिशनमध्ये मी कुणालाही संवाद वाचायला दिला नसता. एवढंच सांगितलं असतं की जिन्यावरून पडून दाखवा, फक्त आवाजाने. मराठीत आपल्याकडे धपकन, धाडकन, सटकन, बदकन, टुणकन असे शब्द आहेत आणि प्रत्येक पडणं वेगळं आहे. ज्याला या पाचांतला फरक घशाने दाखवता येतो तो माझा माणूस.

कपहेडसाठी जॅक मर्सर. यावर मी फार विचारही केला नाही. मर्सर स्टुडिओत चित्रांच्या कामावर होता, आवाजाच्या नव्हे. पोपायची नक्कल करता करता १९३५ मध्ये तो भूमिकेत आला आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं पोपायला आवाज देत राहिला. चित्रं काढणाऱ्या हाताचा माणूस बोलायला लागला की काय होतं ते त्याच्या कामात ऐकू येतं: पात्राचं वजन कुठल्या पायावर आहे हे त्याला ठाऊक असतं. कपहेड उतावळा आहे, आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. त्याला ठणठणीत नायकी आवाज दिला तर तो आगाऊ वाटेल. मर्सरसारखा तोंडातल्या तोंडात स्वतःचीच समजूत घालणारा आवाज दिला तर तोच उतावळेपणा गोड होतो. पोपायचा खरखरीत सूर मात्र मी त्याला अजिबात लावू दिला नसता. मर्सरचा स्वतःचा आवाज त्याहून बराच वरचा आणि पातळ होता, तोच हवा.

पोपायचा खरखरीत सूर मला दुसरीकडे हवाय. म्हाताऱ्या केटलबाबांसाठी, म्हणजे या दोघांना सांभाळणाऱ्या चहाच्या किटलीसाठी, मी विल्यम कॉस्टेलोला बोलावलं असतं. १९३३ मध्ये पोपाय पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हाचा आवाज त्याचा. रंगमंचावर तो ‘रेड पेपर सॅम’ या नावाने ओळखला जायचा. त्याच्यानंतर काम मर्सरकडे गेलं. किटलीत पाणी उकळायच्या आधी तळाशी जी घरघर होते, नेमकी तशी त्याच्या घशात आहे. आणि दुसरं एक कारण आहे, जे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. जुना पोपाय आणि नवा पोपाय एका माईकसमोर, एक आजोबा आणि एक नातू. कॉस्टेलो दटावतोय आणि मर्सर खाली मान घालून पुटपुटतोय. ज्याच्या हातून काम गेलं आणि ज्याच्या हाती आलं त्या दोघांमध्ये जो ताण असणार, तो केटलबाबांच्या रागात आपोआप उतरला असता. असं कास्टिंग कागदावर जमत नाही, माणसं समोरासमोर उभी राहिली की मगच जमतं.

मगमनने मला खरा त्रास दिला.

मगमन घाबरट आहे, नियम पाळणारा आहे, भावाच्या मागे फरफटत जाणारा आहे. मालिकेत फ्रँक टोडारोने त्याला दिलेला आवाज मला फार आवडतो. त्यात घाबरटपणाइतकंच लाडही आहेत. कपहेडचा आवाज ट्रू व्हॅलेंटिनोचा आहे आणि दोघे मिळून छान खेळतात. माझी तक्रार असलीच तर लेखनाशी आहे: मालिका फार बोलते. १९३५ च्या कार्टूनमध्ये एवढी वाक्यं मावलीच नसती. गेममध्ये तर दोघे भाऊ जवळजवळ बोलतच नाहीत, मजकूर फुग्यात येतो आणि बाकी सगळं बँड सांगतो.

आधी माझ्या मनात क्लिफ एडवर्ड्स होता. युकुलेली, म्हणजे छोटी गिटार, वाजवत गाणारा, पुढे १९४० मध्ये डिस्नेच्या पिनोकिओतल्या जिमिनी क्रिकेटचा आवाज झालेला. त्याचा वरचा स्वर इतका स्वच्छ लागतो की घाबरलेल्या मगमनची किंकाळी थेट सुरात गेली असती. पण तो फार गायक आहे. किंकाळी सुरात गेली की आपण घाबरायचं सोडून ऐकत बसतो.

शेवटी मी मार्जी हाइन्सवर थांबले. १९३० मध्ये बेटी बूप पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा तिचा आवाज हाइन्सचा होता. पोरसवदा पात्राला बाईने आवाज देणं आमच्या धंद्यात नेहमीचंच, मीही आजवर तीन मुलगे, दोन कुत्रे आणि एक बोलका डबा केलाय. बाईच्या आवाजातला मुलगा घाबरला की आवाज फुटत नाही, चिरतो, आणि मगमनला चिरलेलाच आवाज हवा. शिवाय मर्सर आणि हाइन्स यांनी १९३९ मध्ये लग्न केलं, म्हणजे या दोघांचं ऐकणं-बोलणं जुळणारं होतं याला निदान एक भक्कम पुरावा आहे. एकाने वाक्य अर्धवट सोडलं की दुसऱ्याने उचलायचं, हे भावाभावांच्या भांडणात फार लागतं.

मिस चॅलिससाठी, म्हणजे डोक्याच्या जागी पेला असलेल्या त्या दोघांच्या मैत्रिणीसाठी, मे क्वेस्टेल. हे नाव कुणीही सांगेल, आणि कुणीही सांगेल म्हणून मी ते टाळायचा प्रयत्नही केला, पण टळेना. मात्र तिच्याकडून मला बेटी बूप नको होती. यामागे एक गोष्ट आहे. हेलन केन नावाच्या गायिकेने १९३२ मध्ये फ्लायशर आणि पॅरामाउंटवर दावा लावला की बेटीची ती लाडिक बोलण्याची ढब माझी आहे, अडीच लाख डॉलर भरपाई द्या. बेटीला आवाज देणाऱ्या मुली साक्षीला आल्या, त्यांत क्वेस्टेलही होती आणि हाइन्सही. क्वेस्टेल तर लहान वयात हेलन केनची नक्कल करण्याची स्पर्धा जिंकूनच पुढे आली होती. ही ढब केनच्या आधी बेबी एस्थर नावाची एक कृष्णवर्णीय बालगायिका वापरत होती असंही कोर्टात पुढे आलं. १९३४ मध्ये केन हरली. हा खटला वाचताना मला कायम बेबी एस्थर आठवत राहते, जिला त्या सगळ्यातून काहीच मिळालं नाही.

तर चॅलिससाठी क्वेस्टेलचा दुसरा आवाज. पोपायची प्रेयसी ऑलिव्ह ऑइलही तिनेच केली आहे, तो लांबट, नाकातला, वाकड्या कोपराचा आवाज. युद्धाच्या काळात तर काही फिल्ममध्ये तिने चक्क पोपायलाही आवाज दिला. इतका पल्ला असलेल्या बाईला एकाच लाडिक सुरात कोंडणं म्हणजे तिचा अपमान. चॅलिस थापाडी आहे, वेळ पडेल तसा आवाज बदलणारी आहे. लहान मुलगी, म्हातारी, पोलीस, पाद्री असे एका दृश्यात चार सोंगं क्वेस्टेलने काढावीत आणि शेवटी पकडली गेल्यावर स्वतःच्या साध्या, थोड्या थकलेल्या आवाजात एकच वाक्य बोलावं. मालिकेत ग्रे डीलाइलने चॅलिसमध्ये जी चलाखी आणली आहे तिच्याशी याचं नातं आहे.

आता किंग डाइस. या एका पात्राला पर्यायच नाही. डोक्याच्या जागी फासा, जांभळा कोट, सैतानाचा कारभारी. त्याची चाल, मान टाकायची लकब, ते सरपटल्यासारखं पाऊल, सगळं कॅब कॅलोवेचं आहे. म्हणून कॅब कॅलोवेच.

कॅलोवे हार्लेमच्या कॉटन क्लबमधल्या वाद्यवृंदाचा म्होरक्या. १९३२ मध्ये फ्लायशरने बेटी बूपच्या एका फिल्मची सुरुवात त्याच्या खऱ्या चित्रणाने केली: तो वाद्यवृंदापुढे उभा राहून पाय सरकवतोय. पुढे त्याच हालचाली रोटोस्कोप करून, म्हणजे चित्रणातल्या एकेका चौकटीवरून रेषा उमटवून, एका भुताटकीच्या वॉलरसला दिल्या. रोटोस्कोपचं पेटंट मॅक्स फ्लायशरचंच, १९१७ चं. १९३३ मध्ये पुन्हा त्याचीच चाल आणि आवाज कोको विदूषकाला दिला. पडद्यावर विदूषक आहे, पण पाय आणि घसा एकाच माणसाचे आहेत. आवाज आणि अंग इतकं एकजीव झालेलं मी नंतरच्या कार्टूनमध्येही फारसं ऐकलेलं नाही.

आणि तो ‘हाय-डी-हो’! एकदा गाताना शब्द आठवेनात म्हणून त्याने निरर्थक अक्षरं फेकली आणि श्रोत्यांनी ती परत फेकली, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. किंग डाइसचं पात्र मी पूर्ण या एका गोष्टीवर उभं केलं असतं. डाइस हाक देतो आणि समोरच्याला साद द्यावीच लागते, इच्छा असो वा नसो. कॅसिनोच्या दारात कपहेड आणि मगमन उभे आहेत, डाइस गाऊन विचारतो, मर्सर नकळत उत्तर देतो, हाइन्स तोंड दाबून धरते तरी तिच्या तोंडून अक्षर निसटतंच. तिसऱ्या हाकेला दोघे आत. धमकी नाही, मारामारी नाही, फक्त ताल. गेममध्ये डाइसचं गाणं अलाना ब्रिजवॉटर या गायिकेने म्हटलंय, तिचा जाड, खालचा स्वर ऐकून मी पहिल्यांदा गेम थांबवून तसाच ठेवला होता. मालिकेत वेन ब्रेडी आहे आणि त्याचा डाइस मालिकेतला सर्वांत चोख आवाज आहे असं माझं मत आहे. दोघांनाही ठाऊक आहे की हे पात्र बोलत नाही, गातं.

इथे एक गोष्ट मात्र मी १९३५ च्या रिवाजाप्रमाणे केली नसती. कॉटन क्लबमध्ये वाजवणारे कृष्णवर्णीय आणि टेबलावर बसणारे फक्त गोरे, असा तो काळ. त्या काळच्या कार्टूनमध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांचा आवाज वापरला जायचा आणि चित्रात त्यांची विटंबनाही केली जायची. १९३२ मध्येच लुई आर्मस्ट्राँगला घेऊन केलेल्या बेटी बूपच्या फिल्ममध्ये त्याचं डोकं आदिवासी नरभक्षकाच्या रूपात आकाशात उडवलंय, आणि मला ते बघवत नाही. ट्रम्पेट कानात सोनं ओततंय आणि चित्र त्या माणसाला खाली ओढतंय. माझ्या कल्पनेतल्या फिल्ममध्ये किंग डाइस धूर्त असेल, क्रूरही असेल, पण त्या खोलीतला सर्वांत हुशार माणूस तोच असेल. आणि गाणं लिहिताना कॅलोवे टेबलाशी बसलेला असेल.

सैतानाच्या बाबतीत माझी अट मला महागात पडली. पहिलं नाव बिली ब्लेचर. डिस्नेच्या तीन डुकरांच्या गोष्टीतला १९३३ चा लांडगा त्याचाच, मिकी माऊसचा वैरी पीटही त्याचाच. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मूकपटांच्या काळात तो धडपडीच्या फिल्ममध्ये स्वतः पडला-आपटलाय, त्यामुळे माझ्या जिन्याच्या परीक्षेत तो पहिला आला असता. पण तो हॉलिवूडमध्ये. त्याला वेगळं रेकॉर्ड करून तुकडे जोडले तर माझं मंगळवार-शुक्रवारचं दुखणं परत आलं.

म्हणून गस विकी. पोपायच्या फिल्ममधला त्या वर्षांचा ब्लूटो, म्हणजे पोपायच्या धिप्पाड वैऱ्याचा आवाज. मूळचा खालच्या पट्टीत गाणारा गायक. १९३६ च्या सिंदबादच्या फिल्ममध्ये तो आपल्याच बेटावर उभा राहून आपलीच थोरवी गातो आणि मधूनमधून पशूंना विचारतो, खरं की नाही? सैतान असाच हवा मला. आतून भीतिदायक नको, स्वतःच्या थाटावर खूश असलेला, टाळ्यांची वाट बघणारा. आणि विकी बढाई मारत असताना खालून मर्सर पुटपुटतोय, हा खेळ त्या दोघांनी पोपाय-ब्लूटो म्हणून वारंवार खेळलेला. एकाचा मंद्र, दुसऱ्याची कुरकुर. त्यांना तालमीचीसुद्धा गरज नव्हती.

बाकीच्या राक्षसांवर, म्हणजे सैतानाच्या त्या कर्जदारांवर, फार वेळ घालवत नाही. बहुतेकांना शब्द देऊच नयेत, वाद्यं द्यावीत. भांडखोर बेडकांना दोन ट्यूबा, निळ्या गोळ्याला स्लाइड शिट्टी. फक्त कॅग्नी कार्नेशन या फुलाचं नावच त्या काळच्या गुंडपटांतला नट जेम्स कॅग्नी याच्यावरून बेतलेलं असल्यामुळे त्याला न्यूयॉर्कच्या गल्लीतला झटपट, शब्द चावून फेकणारा आवाज हवा. तोही मर्सरनेच काढावा. तसं तेव्हा सर्रास चालायचं, एकेक जण पाच-पाच पात्रं करायचा.

एक तांत्रिक गोष्ट, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. तेव्हाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत कोरलेला असे. त्या पट्टीत फार वरचे आणि फार खालचे स्वर नीट उतरत नसत, मधला पट्टा तेवढा उरे. त्या काळचे कार्टूनचे आवाज नाकातले, किरटे, खरखरीत का वाटतात, याचं निदान एक उत्तर इथे आहे: तेच आवाज ट्रम्पेटच्या गर्दीतून वाट काढत थिएटरच्या मागच्या रांगेपर्यंत पोचायचे. आज कुणी जुन्या धाटणीचं कार्टून करताना स्वच्छ, रुंद आवाज रेकॉर्ड करतं आणि नंतर त्यावर खरखर चढवतं, तेव्हा मला ते लगेच कळतं. घशातून न आलेली खरखर आवाजाच्या वर तरंगत राहते.

आणि पाटीवर नावं. कॅलोवेसारख्या प्रसिद्ध माणसाचं नाव तेव्हाही यायचं, पण मर्सर, क्वेस्टेल, हाइन्स, विकी यांची नावं प्रेक्षकांना दिसत नसत. बग्ज बनीचा आवाज असलेल्या मेल ब्लँकसारख्यालाही वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनवर नाव मिळायला १९४४ उजाडलं. माझ्या फिल्मच्या पहिल्या पाटीवर सहाही नावं असतील, सारख्या आकारात.

रेकॉर्डिंगचा दिवस मी असा लावला असता. सकाळी संवाद, दुपारी कॅलोवेचं गाणं, कारण त्याचे वादक रात्री क्लबमध्ये हवेत. मार खाण्याचे आवाज अगदी शेवटी. आमच्याकडेही किंकाळ्या, कण्हणं, आपटणं दिवसाच्या अखेरीस ठेवतात. एकदा एका ठिकाणी घाईत ते सकाळीच उरकले आणि मला पुढचे चार दिवस कुजबुजत काढावे लागले. तर संध्याकाळी पडदा परत लावायचा, सैतानाच्या राजवाड्यातला जिना, वरून दोन कप गडगडत येतायत. कॅलोवेला घरी जायची मुभा आहे, पण तो खुर्ची ओढून बघत बसलाय. कॉस्टेलो दाराशी उभा. मर्सर आणि हाइन्स माईकला जवळजवळ नाक लावून. पहिल्या पायरीवर हाइन्स श्वास आत खेचते, आणि तिचा श्वास ऐकून मर्सरचं पुटपुटणं अर्ध्यातच तुटतं.